एक हात अंतर

फोंड्याच्या बाजारात, कायतान मिनेझिसच्या दुकानात
स्पीकरच्या चार जोड्या ऐकल्या मी,
चपला बाहेर, पाय जाड गालिच्यावर,
दातांच्या डॉक्टरकडे बसतात तसे डोळे मिटून.
त्यानं लावलेली व्हायोलिनं चारही जोड्यांत गोड.
म्हटलं, बाबा, आता माझं लाव.

खिशातून पेनड्राइव्ह काढला:
आमच्या घरची चवथ, नऊ वर्षांपूर्वीची आरती,
दोन घुमटं, एक शामेळ, कासाळी,
आणि मध्येच शोभनाची शिंक.

पहिल्या जोडीत शिंक आलीच नाही.
दुसरीत आली, पण ती कुणाचीही असती.
तिसरीत आली ती हिचीच,
आधीचा तो अडकलेला श्वास घेऊन.
चौथी ऐकली ती केवळ कायतानला वाईट वाटू नये म्हणून.
तो हसला, दोन हजार सोडले,
आणि खोकं रिक्षात ठेवताना म्हणाला,
भिंतीला टेकवू नका हां,
एक हात अंतर ठेवा. भिंत जवळ आली की खर्ज फुगतो.

घरी आणले आणि घुमट मेलं.

वसरीत लावलं: शिंक होती, कासाळी होती,
घुमटाच्या जागी कुणीतरी पुठ्ठा बडवत होतं.
निजायच्या खोलीत गाद्या, गोधड्या, शोभनाचं कपाट,
तिथे आरती आजारी माणसासारखी बोलली.
स्वयंपाकघरात फडताळातली भांडी सोबत वाजली,
शोभनानं पातेल्यावर हात ठेवून एकेक गप्प केलं
आणि मग मलाही, नुसतं बघून.
बाहेर सोप्यावर नेलं तर आवाज
पायऱ्या उतरून सरळ कुळागरात निघून गेला,
मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

परत वसरीत.
दोष खोलीचाच, मी ठरवलं.
ही खोली पूर्वी दुप्पट लांब होती.
मग गुरुदासनं अर्धी मागितली, मी दिली नाही, कोर्टानं दिली,
आणि मधोमध चिऱ्यांची भिंत उभी राहिली.
उरली ती जितकी लांब तितकीच रुंद,
आवाजाला सर्वांत वाईट असा चौकोन.
सात वर्षं या घरात जे जे बिघडलं
त्याला ही भिंत मला पुरत आली आहे:
ओल, मुंग्या, मोबाइलची रेंज.

मी एक फूट इकडे, एक फूट तिकडे करत
तीच आरती सोळा वेळा लावली असेल.

दिवेलागणीला शर्वाणी आली, गुरुदासची धाकटी.
पायरीवरच थांबली, चप्पल न काढता,
पाठ केलेली कविता म्हणावी तसं म्हणाली:
"पप्पान सांगलां, घुमट पलीकडे येत नाही,
नुसती कासाळी येतात.
एका स्पीकरची लाल नि काळी वायर
उलटी लागलीय, बघा."
आणि पळाली.

बॅटरी घेऊन मागे वाकलो.
डाव्याची उलटी होती.

बदलली. लावलं.
छातीच्या फळीवर कुणी तळहात ठेवावा
तसं घुमट खोलीत आलं.
एक नाही, दोन. वेगवेगळी.
एक जरासं पुढे, एक ठाम आपल्या जागी.
पुढचं ते माझं. मी नेहमीच घाई करायचो.
आणि शिंकेच्या जरा आधी,
नऊ वर्षांत कधीच ऐकलं नव्हतं ते,
जागेवरच्या माणसाचं हलकंसं "सावकाश रे."

शोभना दारात येऊन उभी होती, हातात वाळायचे कपडे.
काही बोलली नाही. शिंक यायची वाट बघत होती बहुतेक.

आरती संपली. मी पुन्हा पहिल्यापासून लावली.
मग उजवा स्पीकर उचलला, चांगलाच जड आहे,
आणि कायतानचं एक हात अंतर ओलांडून
नेऊन टेकवला चिऱ्यांच्या भिंतीला.